मराठी डार्क रॉकचे शब्द लिहितोय पण भीतीच वाटत नाहीये, काय चुकतंय?

रामबागी_बेस:

लोकहो, इंदूरहून लिहून राहिलोय (हो आम्ही असंच बोलतो, एकदा हसून घ्या मग पुढे वाचा). आमचा चार जणांचा बँड आहे, नाव अजून ठरलेलं नाही कारण त्यावरून दोनदा भांडण झालंय. मी बेस वाजवतो आणि शब्द पण माझ्याच गळ्यात पडलेत कारण चौघांत मराठी मी एकटाच. ड्रमर माळवी, गिटारवाला सिंधी, आणि गाणारा बिहारचा पण मराठीत गायची हौस त्यालाच सगळ्यात जास्त, म्हणतो हिंदीत तर सगळेच करतात. रिहर्सल आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी वरच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, तरी साडेनऊ झाले की शेजारचे काका गॅलरीत येऊन खोकतात, तेव्हा समजायचं आजचं संपलं.

तर प्रश्न असा. चाल जमलीये असं मला वाटतं, स्लो आहे, जड आहे, गिटारच्या तारा खाली उतरवल्यात. पण शब्द बघा, हे धृपद:

काळ्या रात्री रक्ताची नदी
मृत्यू माझ्या दारी आला
कोण आला, कोण आला
अंधाराचा राजा आला

बहिणीला ऐकवलं तर ती खोखो हसली, म्हणे गॅदरिंगमधलं वाटतं, राजा आला म्हटल्यावर मला पुठ्ठ्याचा मुकुटच दिसला. आणि खालच्या खोलीतून आजी (वय ८६, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याला हात लावू देत नाही) ओरडते की अरे कोण आला नाही बाळा, कोण आलं म्हणावं. तिला सगळीकडे व्याकरणच दिसतं, घरातलं मराठी हिंदीने नासवलं हे तिचं रोजचं गाऱ्हाणं.

इंग्रजी गाणी ऐकतो तेव्हा अर्धे शब्द कळत पण नाहीत तरी अंगावर काटा येतो, आणि स्वतःच्या भाषेत लिहिलं की भुताचा सिनेमा होतो, तो पण विनोदी. मराठी जास्त गोड आहे का यासाठी? की मीच चुकीचे शब्द धरून बसलोय? खरं सांगा, लागलं तरी चालेल.

भिया_भन्नाट:

भिया, इंदुरात नदी म्हटलं की कान्ह डोळ्यासमोर येते. तिला बघून भीती वाटते हे खरं, पण ती वेगळी.

जुनी_कॅसेट:

मराठीचा दोष नाही मित्रा, यादीचा दोष आहे. काळी, रक्त, मृत्यू, अंधार, चार ओळींत चार. ऐकणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळलं की आता आपल्याला घाबरवणार आहेत, तो पाय रोवून बसला, आता त्याला कोण घाबरवतंय.

तू डार्क रॉक म्हणतोस तर जिथून हे सगळं निघालं तिथेच जाऊन बघ. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. त्यातलं पहिलं गाणं, बँडचं अल्बमचं आणि गाण्याचं नाव एकच. आधी नुसता पाऊस, लांबवर चर्चची घंटा, ढगांचा गडगडाट, आणि मग अचानक तो तीन सुरांचा रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ. आणि शब्द कशाने सुरू होतात तर प्रश्नाने. समोर काहीतरी उभं आहे आणि गाणारा विचारतोय हे काय आहे. बास. सैतान वगैरे नंतर येतो, आणि माझं विचारशील तर तो आला की भीती थोडी उतरतेच, कारण आता निदान नाव कळलं. त्यांच्या बेसिस्टने, गीझर बटलरने, मुलाखतींत सांगितलंय की त्याने राहायची जागा काळी रंगवली होती, असल्या विषयांची पुस्तकं वाचायचा, आणि एका रात्री जाग आली तर पलंगाच्या पायथ्याशी एक काळी आकृती उभी. कोण, काय, कशाला, काही पत्ता नाही. त्या पत्ता नसण्याचं ते गाणं आहे. तू पण बेसिस्टच आहेस, घे काहीतरी शिकून.

जाता जाता, तारा उतरवल्यात म्हणालास. ती पद्धत कोणाला घाबरवायला म्हणून सुरू झालेली नाही. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गमावून बसला, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लास्टिकची बाटली वितळवून स्वतःच बोटांना टोपणं केली. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी तारा दीड सुराने सैल सोडल्या, दाबायला हलक्या जाव्यात म्हणून. आवाज जड झाला तो त्यातून. दुखऱ्या बोटांची सोय आहे ती, लोक त्याला अघोरी समजून बसलेत.

तीव्रमध्यम:

मी रॉकवाली नाही, गाणं शिकवते, लेकीने लिंक पाठवली म्हणून आले. वर ज्या तीन सुरांचं लिहिलंय ते तिने ऐकवले. सा, मग वरचा सा, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम, आणि त्याच्यावर थरथरत उभं राहणं. पंचमावर जातच नाही हो! माझा एखादा विद्यार्थी असा मध्येच थांबला तर मी हात वर करून म्हणते अरे चल पुढे, वाटेत काय बसलास. इथे मुद्दाम बसलेत.

रामबागी, तुम्ही इंदूरचे, मग मारवा ऐका. गंमत म्हणून नाही सांगत. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे षड्ज टाळत टाळत गायचा. रिषभावर आणि धैवतावर मुक्काम करायचा, सा समोर दिसतोय पण जायचं नाही, तानपुऱ्याची पहिली तारसुद्धा पंचमाला लावता येत नाही, निषादाला नाहीतर धैवताला लावावी लागते. ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीनच नसते. दिवेलागणीचा राग आहे, त्या वेळेला घरातल्या बायकांना जी उगाचच हुरहूर लागते ना, कारण विचारलं तर सांगता येत नाही, ती. अमीर खाँसाहेबांचा मारवा काढा आणि संध्याकाळी दिवा न लावता ऐका. वडील होळकर दरबारात सारंगी वाजवायचे, खाँसाहेब इथेच वाढले, इंदूर घराणं म्हणतात ते त्यांचंच. बंदिश साधी विरहाची आहे, त्यात रक्त नाही नदी नाही. शब्द किती कमी लागतात ते तुम्हाला कळेल.

(खाँसाहेब गेले ती तारीखही १३ फेब्रुवारीच, १९७४ साल. वरची तारीख वाचून चमकले म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.)

डांडियाबाजार_डूम:

बडोद्याहून हजेरी. काकू हा तोच सूर ना जो चर्चने बॅन केला होता, वाजवला तर शिक्षा व्हायची म्हणतात, सैतानाचा सूर.

जुनी_कॅसेट:

ही दंतकथा यूट्यूबवर दर आठवड्याला नव्याने जन्म घेते. संगीतातला सैतान अशा अर्थाचं लॅटिन नाव त्या अंतराला होतं हे खरं, अठराव्या शतकातल्या संगीताच्या पुस्तकांत ते सापडतं, पण तिथे मुद्दा एवढाच की गायला अवघड आहे, कानाला खटकतं, विद्यार्थ्यांनो टाळा. काकू हात वर करतात तसंच. कोणाला शिक्षा झाल्याचा पुरावा नाही.

कुजबूज:

एवढा वेळ सगळे सुरांवर बोलताय आणि आजींकडे कोणाचंच लक्ष नाही. उत्तर त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये दिलंय आणि रामबागीने ते व्याकरण म्हणून बाजूला टाकलं.

दारावर थाप पडली की मराठी माणूस काय विचारतो? कोण आलं? आला नाही, आली नाही, आलं. नपुंसकलिंग. कारण बाहेर बाई आहे का पुरुष आहे का मांजराने कडी हलवली ते अजून माहीत नाही, आणि आपली भाषा म्हणते की माहीत नाही ना, मग मी ठरवणार नाही. दार उघडलं की लगेच अगं मावशी आली, अरे बंड्या आला. म्हणजे कडी वाजल्यापासून दार उघडेपर्यंत बाहेर जे असतं ते माणूस नसतं, ते नुसतं "ते" असतं. रोज दहा वेळा आपण हे करतो आणि आपल्याला जाणवत पण नाही.

हिंदीत ही सोयच नाही. कौन आया, झालं, दार उघडायच्या आधीच पुरुष करून मोकळे. तुम्ही इंदूरकर दिवसभर हिंदीत राहता म्हणून तुमच्या धृपदात "कोण आला" आलं. आणि "आला" म्हटल्याबरोबर तो बाप्या झाला, बाप्या झाला की पुढच्या ओळीत त्याला राजा करावंसं वाटलं, राजा झाला की बहिणीला पुठ्ठ्याचा मुकुट दिसला. सगळी घसरगुंडी त्या एका "ला" वरून सुरू झालीये. वर सॅबथचं गाणं सांगितलंय ना, समोर उभं आहे ते काय आहे असं विचारणारं, ते मराठीत आणायला तुम्हाला काही करावंच लागत नाही, व्याकरण तयार बसलंय.

करून बघा. अख्खं धृपद नपुंसकात लिहा आणि शेवटपर्यंत नाव देऊ नका. आणि आपल्याकडची ती बारकी बारकी हत्यारं वापरा, की काय, बहुतेक, असावं, असल्यासारखं. "तो मेला" ही नुसती बातमी झाली. "निजलंय की काय" असं आईने पाळण्यात डोकावून म्हटलं की पोटात खड्डा पडतो. चाहूल हा शब्द घ्या, धड आवाजही नाही आणि शांतताही नाही. आणि कृपा करून भीती हा शब्द गाण्यात येऊ देऊ नका, धास्ती, धाकधूक, घालमेल, हुरहूर, दडपण, प्रत्येकाची जागा वेगळी आहे. धाकधूक निकालाच्या आदल्या दिवशी होते, धास्ती एखाद्या माणसाची किंवा गोष्टीची घेतलेली असते, घालमेल सुरू झाली की माणूस नुसता आतबाहेर करतो, आणि हुरहूर काकूंनी सांगितलीच. तुमच्या गाण्यात नेमकं काय आहे ते आधी तुम्हाला ठाऊक आहे का?

डांडियाबाजार_डूम:

जबरी. गुजरातीत पण आहे हे, कोण आव्युं, आम्हाला त्यामुळे वेगळं काही वाटलंच नाही कधी. पण ताई एक, "कोण आलाय रे तुझ्याकडे" असं पण म्हणतोच की आपण.

कुजबूज:

म्हणतो, पण कधी? आतून पुरुषाचा आवाज ऐकू आला, बाहेर चपला दिसल्या, म्हणजे अर्धं कळलंय तेव्हा. नुसती कडी वाजल्यावर नाही म्हणत.

तांब्या_पितळी:

भयावर मराठीत बोलायचं आणि अजून कोणी ग्रेस कसे आणले नाहीत?

भिया_भन्नाट:

आले बघा. मी मनात वीस पोस्टींची पैज लावली होती, हरलो.

डांडियाबाजार_डूम:

बरं मी थोडं उलटं बोलतो. सगळी भीती धुक्यातलीच असते हे मला पटत नाही. सॅबथचाच दुसरा अल्बम घ्या, तोही १९७० चाच, त्यातलं पहिलं गाणं हवाई हल्ल्याच्या भोंग्याने सुरू होतं आणि सरळ सेनापतींवर बोट ठेवतं, युद्ध लावणारे मागे बसतात आणि गरिबांची पोरं पुढे धाडतात म्हणून. व्हिएतनामचे दिवस होते. तिथे की काय नाही, असावं नाही, सगळं ठणठणीत. आणि ही पोरं १९४८-४९ च्या आसपास जन्मलेली, बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमधली, बॉम्बने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत खेळून मोठी झालेली, त्यांना भोंगा म्हणजे काय ते घरच्यांकडून ऐकून माहीत. मला तरी ते गाणं पहिल्यापेक्षा जास्त घाबरवतं.

जुनी_कॅसेट:

मान्य, पण मला त्यात भीतीपेक्षा राग ऐकू येतो. रागाला समोर कोणीतरी लागतं, म्हणून तिथे सेनापती हवाच. रामबागीने काय केलंय, भोंगा दुसऱ्या गाण्याचा घेतला आणि पाऊस पहिल्याचा. दोन्ही चांगलं आहे पण एका धृपदात नाही.

मेडिकलची_रात्रपाळी:

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रात्रपाळीला कानात एकच इअरफोन घालून हेच सगळं ऐकते. तुम्ही लोक भूत, सैतान, युद्ध यावर आहात, मला सगळ्यात जास्त भीती जॉय डिव्हिजनची वाटते आणि त्यात यातलं काहीच नाही. मँचेस्टरकडचा बँड, १९७९ चा पहिला अल्बम. गाणारा इयन कर्टिस, दिवसा सरकारी रोजगार ऑफिसात अपंग लोकांना काम मिळवून द्यायच्या टेबलावर बसायचा. तिथे एक मुलगी यायची, तिला फिट्स यायच्या. एक दिवस ती यायची थांबली, त्याला वाटलं लागली असेल नोकरी, मग कळलं की ती फिट येऊनच गेली. त्यावर त्याने गाणं लिहिलं. आणि त्यालाही एपिलेप्सी असल्याचं निदान झालं ते १९७९ च्याच सुरुवातीला. त्या गाण्यात तो रडत नाही ओरडत नाही, समोर काय घडतंय ते सपाट आवाजात सांगत राहतो, मागे ड्रम एकाच ठेक्यात, मशीनसारखा. आपलंच शरीर पुढच्या मिनिटाला आपलं ऐकेल का नाही, एवढीच अनिश्चितता. मे १९८० मध्ये तो गेला, २३ वर्षांचा होता, आणि त्यावरून लोक जे रोमँटिक काहीतरी बनवतात ते मला आवडत नाही. पण गाणं बघा. लॅबच्या काउंटरवर रोज लोक येतात, मॅडम रिपोर्ट आला का, एवढंच विचारतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात, मी स्क्रीनकडे बघते आणि त्या तीन सेकंदांत काचेवरची बोटं हलायची थांबतात. रक्ताची नदी नसते हो, दोन मिलीलीटरची ट्यूब असते.

रामबागी_बेस:

दोन मिलीलीटर वाचून मी माझी नदी खोडली. मंडळी थँक्यू, मनापासून.

अपडेट. मारवा ऐकला, दिवा न लावता. आई येऊन म्हणाली लाइट गेली का. काकू, मला अर्धा तास कळत नव्हतं काय होऊन राहिलंय, आणि मग एकदा ते सा वर आले तेव्हा छातीतून हवा निघाल्यासारखी झाली. आम्ही रिफमध्ये दर चौथ्या बारला (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) घरी, म्हणजे सा वर, येत होतो, ते बंद केलं. आता गाण्यात एकदाच येतो, तेही बेस एकटा.

शब्द परत लिहिले:

कडी वाजली, कोण आलं
जिन्यापाशी बसलंय
बोलत नाही, हलत नाही
निजलंय की काय, वर बघतंय

आता अडचणी ऐका. गिटारवाल्याने मोबाइलवर भाषांतर काढलं तर "आलं" म्हणजे अदरक. तेव्हापासून दर वेळी धृपद आलं की तो मागून हळूच म्हणतो कौन अदरक, आणि ड्रमरचा ठेका जातो. आणि गाणारा ते "आलम" वाचायचा, अनुस्वार दिसला की म, हिंदीची सवय. त्याला कागदावर "आलऽ" असं लिहून दिलं तेव्हा जमलं. पण एक भारी झालं, ते आलऽऽ लांबवता येतं, तोंड उघडंच राहतं, आवाज कुठे बंद होत नाही. "मृत्यू" वर त्याची जीभ अडकायची.

अजून एक विचारायचं होतं. मेटॅलिकाचं १९९१ चं ते झोपेवरचं गाणं आहे ना, त्यात मध्ये लहान मुलाची झोपायच्या आधीची प्रार्थना आहे, मोठा माणूस एक ओळ म्हणतो आणि पोरगं मागून म्हणतं. तसं आपण रामरक्षा घातली तर? आजी रोज म्हणते, तिचाच आवाज रेकॉर्ड करावा असं डोक्यात आहे. का ते स्वस्त होईल?

डांडियाबाजार_डूम:

नको भाऊ. एक तर कोणीतरी भांडायला येईल, आणि दुसरं म्हणजे स्तोत्र अधिक डिस्टॉर्शन हे आता शंभर जणांनी केलंय.

जुनी_कॅसेट:

त्या गाण्यातली प्रार्थना काम का करते ते बघ. ती जुनी इंग्रजी प्रार्थना आहे आणि तिच्यातच म्हटलंय की झोपेतच मेलो तर माझा आत्मा तुझ्याकडे घे. म्हणजे भीती त्यांनी बाहेरून आणलेली नाही, पोराला निजवताना घरोघरी म्हणायचे तिच्यात ती होतीच, यांनी फक्त मोठ्याने म्हटली. तुझ्या घरी तसं काय आहे ते शोध, सजावट म्हणून नको.

तीव्रमध्यम:

रामरक्षेवर माझी एक आठवण सांगते, उपयोग झाला तर बघा. कवच म्हणतात त्या भागात डोक्यापासून सुरू करून एकेक अवयव रामाच्या हवाली करत जायचं. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, असं करत करत पावलांपर्यंत. आई अंथरुणात आमच्याकडून म्हणून घ्यायची, अर्थ सांगायची, सांगताना त्या त्या जागेवर बोट टेकवायची. बाकी भावंडं गाढ झोपायची आणि मी टक्क जागी, कारण मला वाटायचं यात कोपर कुठे आहे? कोपराचं नाव घेतलंच नाही. भुजांमध्ये धरलं असेल, पण धरलं असेल का? मग मी हात पांघरुणाच्या आत दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट धरून झोपायची. साठी उलटली तरी अजून तशीच झोपते.

कुजबूज:

काकू! हे गाणंच आहे. रामबागी, स्तोत्र नको, कोपर घे.

आणि धृपदातली शेवटची ओळ काप. "वर बघतंय" म्हटलं की त्याला डोळे आले, तोंड आलं. "निजलंय की काय" वरच सोड.

मेडिकलची_रात्रपाळी:

हो. "वर बघतंय" म्हणजे रिपोर्ट आला.

भिया_भन्नाट:

मी मस्करी करायला आलो होतो, आता रात्री सराफ्यातून घरी जाताना जिन्यात मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो, त्याचं बिल कोणाला पाठवू.

रामबागी_बेस:

दहा दिवस गायब होतो, माफी. गाणं झालं. सव्वासहा मिनिटं. दुसऱ्या कडव्यात कोपर आहे (काकू, तुमचं नाव कुठे घालायचं ते सांगा). धृपद "निजलंय की काय" वर तुटतं आणि मग पुढचे आठ बार कोणी गात नाही, गिटार त्या तीव्र मध्यमावर बसून राहते. गाणाऱ्याला ते आठ बार फार जड जातात, म्हणतो माइकसमोर हात कुठे ठेवू ते कळत नाही. ठेवलंय तसंच.

आजीला वर आणता येत नाही, गुडघे. म्हणून काल रात्री फोनवर रफ रेकॉर्डिंग घेऊन खाली तिच्या पलंगावर बसलो. इथे एक सांगायचं राहिलं, रोज रात्री मी बाहेरून आलो आणि कडी वाजली की ती आतून विचारते कोण आलं, आणि मी बूट काढून होईपर्यंत उत्तर देत नाही, आळस, दुसरं काही नाही. ती तेवढा वेळ गप्प असते. कुजबूज यांची पोस्ट वाचल्यापासून मी दारातूनच ओरडतो, मी आहे आजी.

तर तिने अख्खं ऐकलं, डोळे मिटून, फोन कानाशी धरून, उलटा धरला होता पण मी बोललो नाही. गिटारचा आवाज मिक्सरसारखा आहे म्हणाली. "आलं" आलं तेव्हा मान हलवली. संपल्यावर थोड्या वेळाने विचारते, मग कोण होतं रे ते?

मी म्हटलं, माहीत नाही आजी, गाण्यात नाहीये ते.

असं होय, म्हणाली. मग म्हणाली, खालची कडी लावलीस ना?

लावली होती. मीच लावली होती, नऊ वाजता, मला स्पष्ट आठवत होतं. तरी उठून जाऊन बघून आलो.

कुजबूज:

लिंक टाक.

तीव्रमध्यम:

नाव नको बाळा. लिंक मात्र टाक, लेकीला पाठवते. आणि आजींना नमस्कार सांग.

जुनी_कॅसेट:

बेस थोडा वर घ्या मिक्समध्ये, न ऐकताच सांगतो, पहिल्या रेकॉर्डिंगला सगळे बेस दाबतात.

रामबागी_बेस:

टाकतो, फक्त बँडचं नाव ठरू दे, अपलोड करताना नाव मागतंय. काल तिसऱ्यांदा भांडण झालं.

भिया_भन्नाट:

भिया, अदरक ठेवा.